शेवटून धरलेली पात

१८ नोव्हेंबर, मंगळवार. एका अर्जावर शेरा लिहायचा आहे. दोन ओळींचं काम, आणि संध्याकाळी घरी आल्यापासून मी ते पुढे ढकलते आहे. आधी चहा केला. मग मेथी निवडली. मग निवडलेल्या मेथीतून राहिलेली चार मुळं पुन्हा निवडली. आता टेबलावर अर्ज आहे, पेन आहे आणि निवडायला भाजी उरलेली नाही.

अर्ज वर्षाचा. आमच्या शाळेत पहिली ते चौथी असे चार वर्ग आणि शिक्षिका दोन, वर्षा आणि मी. पहिली-दुसरी तिच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मुख्याध्यापकाचा चार्जही माझ्याकडे, म्हणून तिचा कागद माझ्या हातून वर जायचा. कागद राजीनाम्याचा आहे. "वैयक्तिक कारणास्तव", एवढंच लिहिलंय. अक्षर सुंदर आहे. थकलेल्या माणसाचं अक्षर बिघडतं असं म्हणतात. तिचं बिघडलेलं नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

दुपारी मुलांची जेवणं झाल्यावर तिनं तो माझ्यापुढे ठेवला. मी वाचला. ती उभीच होती. म्हणाली, "मॅडम, काल मी दुसरीला धडा शिकवला. घरी गेल्यावर कुठला शिकवला तेच आठवेना. पोरांच्या वह्या उघडून बघावं लागलं."

मी म्हटलं, "ठेव. बघते."

यापेक्षा बरं काही सुचायला हवं होतं. पण समजूत घालणं मला जमत नाही. एकदा आम्हाला तणाव कसा कमी करावा याचं प्रशिक्षण होतं. डोळे मिटा आणि एक शांत नदी डोळ्यांपुढे आणा, असं सांगितलं. मी डोळे मिटले आणि गॅस संपत आलाय, तो लावायचा आहे हे आठवलं. शेजारची बाई चक्क झोपली होती. त्या दिवशी सगळ्यात जास्त फायदा तिलाच झाला.

वर्षा एकोणतीस वर्षांची आहे. मी बावन्नची. परभणीहून झरी, बोरी, मग फाट्यावरून आत तीन किलोमीटर, असं माझं रोजचं अपडाउन. यंदा पाऊस लांबला, त्यामुळे कापूस उशिरा फुटला आणि आता सगळा एकदम फुटलाय. सकाळी बोरी सोडली की दोन्ही बाजूंना रान पांढरं. सेलूकडे निघालेल्या टेम्पोंतून उडालेला कापूस बाभळींच्या काट्यांना लागून राहतो, धुळीनं मळतो आणि फेब्रुवारीपर्यंत तिथंच असतो. स्कूटीवरून जाताना एखादा पुंजका तोंडावर येतो. लोकांना हे दृश्य छान वाटतं, फोटो काढतात. मला त्याचा अर्थ एकच कळतो, पटावर पोरं किती आणि वर्गात किती.

अशाच दिवसांत माझ्याही पर्समध्ये एक अर्ज होता. मजकूर हाच. "वैयक्तिक कारणास्तव."

पंधरा वर्षं झाली असतील. शाळा दुसरी होती, पण रस्ता हाच, आणि तिथंही शिक्षक दोनच. एक आमचे गुरुजी, म्हणजे मुख्याध्यापक, आणि दुसरी मी. पहिली-दुसरी गुरुजींकडे होती, पण गुरुजी आठवड्यातले तीन दिवस मीटिंगला. त्या दिवशी चारही वर्ग माझे. इतर दिवशी तिसरी-चौथीची मिळून अठ्ठावन्न पोरं एका खोलीत, दोन फळ्यांकडे तोंडं करून. तिसरीला गणित दिलं की चौथीला वाचायला लावायचं. चौथीकडे वळलं की तिसरीतलं कुणीतरी कुणाच्या तरी पाटीवर पाणी सांडायचं.

शिकवण्यानं कुणी थकत नाही असं म्हणणारा शिक्षक मला भेटायचा आहे. शिकवण्यानंही थकतोच. पण ते थकणं कळतं, भाकरी थापून हात दुखावेत तसं. मला दमवत होती ती बाकीची कामं. खिचडीच्या तांदळाची पोती मोजायची. मुलांआधी खिचडीची चव घेऊन चवीच्या वहीत सही करायची. जनगणना, मतदार याद्या, जंताच्या गोळ्या. कुणाच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकली म्हणून त्याचा बाप भर वर्गात दारात उभा. गुरुजींचा निरोप यायचा, अमुक माहिती दुपारच्या आत पाहिजे. यातलं एकेक काम दहा मिनिटांचं. पण ते धड्याच्या मधोमध यायचं. उठून ते करून परत आलं की पोरं आणि मी, दोघंही धडा विसरलेले.

त्या दिवाळीनंतर माझा आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस बोलू नका. मला हसू आलं, तर हसण्यालाही आवाज नव्हता.

तेव्हा अर्ज लिहिला. फुलस्केप कागद, चार ओळी. घरची पिठाची गिरणी आहे, तिथं बसेन असं ठरवलं होतं. दळणाचे डबे ओळीनं येतात, ओळीनं जातात. एक डबा दळता दळता दुसरा मधे घुसत नाही. मला त्या वेळी गिरणीचं एवढं एकच सुख डोळ्यांपुढे दिसायचं. अर्ज पर्सच्या मागच्या कप्प्यात, स्कूटीच्या कागदांशेजारी ठेवला. शनिवारी गुरुजींना द्यायचं ठरवलं. शनिवारी गुरुजी मीटिंगला. पुढचा शनिवार. पुन्हा मीटिंग. राजीनामा द्यायलासुद्धा माणूस जागेवर असावा लागतो.

तोवर दिवस तर काढायचे होते. मी काटकसर करणारी बाई. साबणाच्या उरलेल्या चकत्या नव्या साबणाला चिकटवणारी. म्हणून वेळेची काटकसर शोधून काढली. हजेरी घ्यायला वीस मिनिटं जायची आणि वह्या तपासायला तास. मी दोन्ही एकत्र केलं. पोरांनी आल्या आल्या गृहपाठाची वही टेबलावर ठेवायची, तिसरीचा गठ्ठा डावीकडे, चौथीचा उजवीकडे. मी वही उघडायची, पानावर लाल टिक करायची आणि त्याच हातानं हजेरीपटावर त्या नावापुढे हजेरी मांडायची. वही आली म्हणजे पोर आलं. अठ्ठावन्न वह्या बारा मिनिटांत. नावं पुकारायची नाहीत, गळ्यालाही आराम.

मला त्या युक्तीचा अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. केंद्रावर सगळ्या शाळांचे शिक्षक जमले तेव्हा मी ती सांगितलीसुद्धा. दोघीजणींनी लिहून घेतली. पुढच्या महिन्यात एकजण म्हणाली, तुमच्यामुळे माझा अर्धा तास वाचतो हो. त्या बाईला नंतर मी काहीच सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

माझी चूक पकडली सुमनबाईनं. ती खिचडी शिजवायची. तिला लिहिता येत नव्हतं, पण किती पोरं जेवणार ते तिला पातेल्याच्या आवाजावरून कळायचं. माझ्या दोन वर्गांची हजेरी मी पाठवायची, त्या आकड्यानं ती तांदूळ घ्यायची. एके दिवशी जेवणं झाल्यावर तिनं मला चुलीपाशी बोलावलं आणि पातेल्यात उरलेली खिचडी दाखवली.

"बाई, तुमी पंचावन सांगायलाव अन् ताटं सत्तेचाळीसच लागायलेत. आठ दिस झाले. लेकरं उपाशी उठायलेत का माझी खिचडी बिघडायलीय?"

मी म्हटलं, काहीतरी चुकत असेल. ती म्हणाली, माझी ताटं न्हाई चुकत.

वर्गात येऊन मी कितीतरी दिवसांनी नावं पुकारली. घोगऱ्या आवाजात. अर्चनाच्या नावाला कुणीच "हजर" म्हणालं नाही. तिची वही मात्र उजवीकडच्या गठ्ठ्यात होती, सकाळची माझी टिक पानावर ओली असावी इतकी ताजी. मी विचारलं, अर्चना कुठंय? शेजारची सविता उभी राहिली आणि तिनं अगदी सरळ सांगून टाकलं की अर्चना नऊ दिवसांपासून येचणीला जाते, तिची वही मी आणते. आणखी सात जणांच्या वह्या अशाच शेजाऱ्यांबरोबर येत होत्या. पोरांना यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. बाईंनी वही मागितली, वही आणली.

गुरुजी त्या दिवशी जागेवर होते. वर्ग त्यांच्यावर सोपवला आणि पाऊण तासात येते म्हणून स्कूटी काढली. रागात होते. राग कुणावर ते ठरलं नव्हतं, वाटेत ठरेल म्हणून निघाले होते.

अर्चनाची आई गयाबाई. जमीन दीड एकर, आणि वेचणी सावडीची. म्हणजे चार घरच्या बाया मिळून आज हिच्या रानात, उद्या तिच्या. रान गावापासून लांब नव्हतं. बांधावर पोचले तेव्हा सहाजणी ओळीनं पुढे सरकत होत्या, प्रत्येकीच्या कमरेला कापसानं फुगलेली ओटी. त्यांच्यात अर्चना होती, आईच्या रानात घालायच्या जुन्या शर्टात, बाह्या दुमडलेल्या. दहा वर्षांची पोरगी, ओटीमुळे पुढून पोटुशीसारखी दिसत होती.

मी बांधावरून हजेरीच्या आवाजात म्हटलं, "अर्चना."

ती दचकून म्हणाली, "हजर, बाई."

सगळ्या बाया हसल्या. मीही हसले असते, पण आजच्या आधी इतके दिवस मी तिचं नाव पुकारलंच नव्हतं हे त्याच क्षणी लक्षात आलं.

गयाबाई थांबली नाही. तिनं हात चालू ठेवूनच सांगितलं की बाई, जरा सावलीला बसा, पात लागली की येते. पात म्हणजे एकेकीनं धरलेली ओळ. ती धरली की शेवटापर्यंत न्यायची, मधून उठायचं नाही; शेवट आला की पात लागली. मला घाई होती. गुरुजी पहिली-दुसरीसकट माझी दोन वर्गांची पोरं सांभाळत होते, म्हणजे कुणीच सांभाळत नव्हतं. पण इथं माझं कुणी ऐकणार नव्हतं. बसले.

पंधरा मिनिटं बसले असेन. त्या वर्षात कामाच्या वेळी मी सलग पंधरा मिनिटं एका जागी बसल्याचं दुसरं आठवत नाही. ऊन कलायला लागलं होतं. तुरीला फुलं होती. सकाळचं दंव कधीच वाळून गेलं होतं. ओला कापूस वेचत नाहीत, म्हणून त्या बाया सकाळी घरचं सगळं उरकून दंव वाळल्यावरच रानात आल्या होत्या. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझं माहेर परभणीतच, शेती फक्त स्कूटीवरून पाहिलेली.

गयाबाई माझ्यासमोरून पुढे गेली तेव्हा तिच्या मागं एक अर्धवट उघडलेलं बोंड तसंच राहिलेलं दिसलं. मग आणखी दोन. शिक्षिकेची खोड, गप्प बसवेना. म्हटलं, गयाबाई, हे राहिलं की.

तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. "राहू द्या. ते आजचं न्हाई."

मग माझ्या अडाणीपणाची कीव येऊन की काय, दोन शब्द जास्त बोलली. आज तोडलं तर त्याची कवडी निघती, चिकटलेली, पिवळी. ना कापूस ना सरकी. दुसऱ्या येचणीला ते आपसूक हातात येतंय. आज ज्याचा दिवस हाय तेवढंच येचायचं.

त्या सहाजणींत एक म्हातारी होती, गयाबाईची चुलतसासू. ती बरीच मागं राहिली होती. मला वाटलं, आता बाकीच्या बांधावर टेकतील, पाणी पितील, म्हातारी येईपर्यंत गप्पा मारतील. तसं झालं नाही. ज्यांची पात लागली त्यातल्या दोघी वळल्या आणि म्हातारीच्या ओळीला शेवटाकडून भिडल्या. म्हातारी इकडून येत होती, या तिकडून. मधे कुठेतरी भेटल्या. ओट्या चादरीवर रिकाम्या केल्या आणि मग सगळ्याजणी मिळून पाणी प्यायल्या.

गयाबाई माझ्याकडे आली, पदरानं तोंड पुसत. मी माझं म्हणणं मांडलं. पोरगी हुशार आहे, चौथीचं वर्ष आहे, नऊ दिवस बुडाले. गयाबाईनं सगळं ऐकून घेतलं. ती भांडखोर नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं मी कशाबद्दल बोलते आहे.

"बुडाले कशे, बाई? वही तर येती की रोज तुमच्याकडं. तुमी टिक बी करायलाव. मंग मी म्हनलं, बाईला चालायलंय."

मी अर्चनाचे हात हातात घेऊन बघितले.

अर्चनाच्या बोटांची टोकं बोंडांच्या वाळलेल्या पाकळ्या टोचून सोलवटली होती. ती मला विचारत होती, बाई, माझं अक्षर सुधारलं का? दोनदा 'छान' आलंय.

परत आल्यावर, मुलं घरी गेल्यावर, मी तिची वही उघडली. नऊ दिवस, नऊ पानं. सगळ्या पानांवर एकच उतारा होता. वर्गात पुढे काय शिकवलं ते तिला कळायला मार्ग नव्हता, म्हणून शाळेत असताना शेवटी शिकलेला उताराच ती रोज संध्याकाळी पुन्हा लिहून काढत होती. नऊदा तोच. अक्षर खरंच सुधारत गेलं होतं. नऊही पानांवर माझी टिक होती आणि दोन ठिकाणी 'छान'.

मी रडले वगैरे नाही. हजेरीपट काढला आणि त्या आठ जणांच्या गैरहजेरीची दुरुस्ती लाल शाईनं केली, प्रत्येक खोडाखोडीशेजारी सही. दुसऱ्या दिवशी गुरुजी चिडले. पट घाण केला म्हणाले. वर काय सांगायचं? मी म्हटलं, खरं सांगा. ते म्हणाले, खरं सांगायला फॉर्म नाही.

त्याच संध्याकाळी पर्समधला अर्ज बाहेर काढला. फाडला नाही. कागद चांगला होता आणि मागची बाजू कोरी होती. आमच्याकडे पाठकोरा कागद फेकत नाहीत. त्या कोऱ्या बाजूवर पट्टीनं सहा रेघा मारल्या. वर्गात पोरांच्या सहा रांगा होत्या आणि आठवड्याला शाळेचे सहा दिवस. सोमवारी पहिली रांग, मंगळवारी दुसरी. एका दिवशी नऊ-दहा वह्या. पण त्या शब्द न् शब्द वाचायच्या, आणि पोराला शेजारी बसवून वाचायच्या. बाकीच्यांनी फळ्यावरचं उत्तर बघून आपापलं तपासायचं. आजची रांग सोडून दुसरी वही उघडायची नाही, कुणी कितीही पुढे केली तरी. ते आजचं न्हाई.

हजेरी पुन्हा तोंडी सुरू केली, पण ती पोरांनी घ्यायची. प्रत्येक रांगेतल्या एकानं आपल्या रांगेतली रिकामी जागा सांगायची. पोरं याबाबतीत निर्दयी असतात, कुणालाच सूट नाही. कागदाची कामं चार वाजता, मुलं गेल्यावर, अर्धा तास. भर वर्गात कुणी दाखला मागायला आला तर त्याला व्हरांड्यात बाकावर बसवायचं. पहिल्या आठवड्यात दोन बाप भांडले. तिसऱ्या आठवड्यात बाप चारलाच यायला लागले. गुरुजींनी दुपारच्या आत माहिती मागितली तर मी म्हणायची, गुरुजी, पात लागू द्या. त्यांचं घर शेतकऱ्याचं. पहिल्यांदा ऐकून ते मान हलवून निघून गेले. दुपारच्या आत मागितलेली माहिती साडेचारला दिल्यानं जगबुडी झाली नाही.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, झालं, बाईंचा प्रश्न सुटला. तसं नव्हतं. काम तेवढंच राहिलं. संध्याकाळी मी थकायचेच. फक्त कशानं थकले ते आता सांगता यायचं. आधी दिवसभराचं सगळं ओझं डोक्यावर असायचं, आता ते ओटीसारखं कमरेला आलं. वजन तेच, पण मान मोकळी. जानेवारीत तपासणीला साहेब आले. त्यांनी वह्या चाळल्या, मधली पाच-पाच पानं बिनटिकेची बघितली आणि शेरा लिहिला, "दैनंदिन तपासणी आढळली नाही." मी खाली सही केली. खरंच होतं ते. शेजारी अर्चनाची वही पडली होती, त्यातल्या नऊ दिवसांची तपासणी मात्र अगदी दैनंदिन होती.

अर्चना लगेच परत आली नाही. गयाबाईनं दुसरी वेचणी उरकून घेतली, मग पाठवली. अकरा दिवस आणखी गेले. तेवढ्या दिवसांत मी रोज दुपारी सविताबरोबर नवा धडा कुठला ते एका चिठ्ठीवर लिहून पाठवत होते, एवढंच माझ्या हातात होतं. पुढं अर्चना बारावी झाली, लग्न झालं, आता सेलूकडे असते. मागच्या वर्षी बाजारात भेटली. तिची मुलगी बालवाडीत आहे. मला म्हणाली, बाई, हिची मॅडम रोज टिक करती. मी विचारलं, आणि वाचते का? अर्चना हसली. तिला सगळं आठवत होतं.

सहा रेघांचा तो कागद मी वर्गातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. अर्जाची बाजू लाकडाकडे. माझी बदली झाली तेव्हा तो तिथंच होता. नंतर कपाटाला वाळवी लागल्याचं कळलं. वाळवीनं तो कुठल्या बाजूनं वाचायला घेतला असेल कोण जाणे.

हे सगळं आठवून मी काय करायचं ठरवलं होतं? वर्षाला हीच गोष्ट सांगायची. पण ती मी तिला सांगितलेली आहे. दोन वर्षांपूर्वी, रुजू झाली त्याच दिवशी. रांगेनं तपास, कागद चारनंतर, बिनउमललेलं बोंड तोडू नको. तिनं डायरीत लिहूनही घेतलं. हुशार मुलगी आहे. सहा रेघांचा तक्ता तिनं रंगीत केला, भिंतीवर लावला.

आणि मग? मग रोज अकराच्या सुमारास मी तिच्या दारात. वर्षा, ग्रुपवर परिपाठाचा फोटो टाक. वर्षा, ती आधारची यादी एवढी भरून टाक, तुझं मोबाइलवर पटकन होतं. वर्षा, हात धुतानाचा फोटो राहिला. मला मोबाइलचं जमतं, पण तिला लवकर जमतं. म्हणून सगळं तिच्याकडे. सहा ग्रुप आहेत आणि सहाही तिच्या फोनवर वाजतात. तिची पात मोडणारा बाप दारात उभा असतो, तो मीच आहे. आणि माझी पात? माझी रोज साडेतीनलाच लागते. पंचवीस वर्षांचा हात आहे. पात लागली की मी माझ्या वर्गातल्या खुर्चीवर टेकते, डबा धुते, बॅग भरते. खिडकीतून वर्षाचा वर्ग दिसतो, टेबलावरचा वह्यांचा गठ्ठा दिसतो. मी बघते आणि मनात म्हणते, हळू आहे पोरगी, शिकेल.

त्या सहा बायांपैकी एकही बांधावर टेकली नव्हती. मी पंधरा वर्षं गोष्ट सांगत राहिले ती पहिल्या निम्म्याचीच. दुसरं निम्मं मी बघितलं होतं, पण धरलं नाही.

शेरा लिहिला नाही. पेनाला टोपण लावलं. भाजी फोडणीला टाकली.

१९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी नेहमीपेक्षा पाऊण तास आधी निघाले. झरीपाशी धुकं होतं, बोरीत चहाच्या टपऱ्या नुकत्या उघडत होत्या. शाळेच्या पटांगणातल्या गवतावर दंव होतं. वर्षाचा वर्ग उघडला. दुसरीच्या एकतीस वह्या टेबलावर होत्या, काल तिच्याकडून राहिलेल्या. तिचा अर्ज त्यांच्याशेजारी ठेवला, जसा होता तसा. गठ्ठा उलटा केला आणि एकतिसावी वही उघडली. वाचली. मग तिसावी.

वर्षा आली तेव्हा मी बाविसाव्या वहीवर होते. ती दारातच थांबली. तिनं आधी अर्ज बघितला, मग माझ्याकडे.

"मॅडम, शेरा?"

"नाही लिहिला. तुझा कागद, तुझ्यापाशी ठेव. शनिवारी वाटलं तर पुन्हा दे, पुढे पाठवते. फोन इकडे दे."

तिनं दिला. सहाही ग्रुप मी माझ्या फोनवर घेतले, तिच्या फोनवर बंद केले. ती अजून उभीच होती. मी पहिल्या दहा वह्या तिच्या बाजूला सरकवल्या.

"तू पहिलीपासून ये. मी शेवटून येते."

ती बसली. बाहेर पोरं जमायला लागली होती, कुणीतरी नळ चालू करून ठेवला होता, दोघी उठलो नाही. दहाव्या वहीपाशी भेटलो. ती वही तिनं वाचली, शेवटपर्यंत, ओठ हलवत. मी घंटा द्यायला गेले.